रमन्यातली पाहुणी

“मॅडम, तुमी अठी राखता काय?”

नोकरीत हा प्रश्न मला जितक्यांदा विचारला गेला, तितक्यांदा ‘चहा घेता का’ हेही कुणी विचारलं नसेल. इथे राखण्यासारखं आहे काय, असं विचारणाऱ्याचा दोष नाही. वनरक्षक म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे मेळघाट येतो, साग येतो, वाघ येतो. माझ्याबरोबर भरती झालेल्या मुली धारणीकडे गेल्या आणि सुट्टीत भेटल्या की बिबट्याच्या पंजाच्या गोष्टी सांगू लागल्या. माझ्या वाट्याला आला रमना. मूर्तिजापूरला माझी आई शेजारणींना मोठ्या तोऱ्यात सांगायची, “पोरगी फॉरेस्टात लागली माही.” शेजारीण विचारायची, “मंग वाघ-गिघ पायते का वं?” यावर आईचा आवाज एकदम खाली यायचा. “नाई. गवत.”

तर आधी रमना म्हणजे काय ते सांगते. आमच्या वऱ्हाडात राखीव गवताच्या जागेला रमना म्हणतात. माझा रमना चांदूर बाजारच्या बाजूला, पूर्णेच्या एका वळणात आहे. एकीकडे नदी, दुसरीकडे संत्र्याचे बगीचे, मधे हा सखल तुकडा. पूर्णा भरली की पाणी रमन्यावर चढतं, एखाददोन दिवस मुक्काम करतं आणि जाताना गाळाचं पातळ पांघरूण टाकून जातं. हे किती शतकं चाललंय ते नदीलाच ठाऊक. चहूकडची सगळी जमीन नांगराखाली गेली, पण पुराच्या जागेत पेरायचं धाडस कुणाच्या खापरपणज्यानंही केलं नाही. त्यामुळे इथली माती कधी उलथलीच गेलेली नाही.

मी पहिल्यांदा तिथे गेले ती ऐन वैशाखात. भेगाळलेली काळी जमीन, गुरांनी खाऊन उरलेले गवताचे पिवळे बुडखे आणि काठाकाठानं बेशरमाची झुडपं. आधीच्या गार्डनं हद्दीचे दगड दाखवले, “सांभाळा आता” म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारून मोकळा झाला. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

मग भाद्रपद आला. पूर ओसरून थोडे दिवस झाले होते. सकाळी मी बांधावरून खाली उतरले आणि उभीच राहिले. गुडघाभर गवत, त्यात तळाशी निळी, जांभळी, पिवळी बारीक फुलं, इतकी की पाय कुठे ठेवावा कळेना. आणि त्या सगळ्यांच्या वर, गवताच्या टोकांतून डोकी काढून उभे असलेले पांढऱ्या फुलांचे दांडे. दांड्याला ज्वारीच्या लाह्या चिकटवाव्यात तशी फुलं. वाकून पाहिलं तर प्रत्येक फुलाची खालची पाकळी झालरीसारखी कातरलेली आणि मागे एक बारीक हिरवी नळी. ज्या जमिनीकडे बघून मी रडकुंडीला आले होते, तीच ही जमीन! हे सगळं माझ्या बुटांखाली होतं आणि मला पत्ता नव्हता. तो धक्का मला अजून ओसरलेला नाही, आणि ओसरू नये असंच वाटतं.

पुढे अमरावतीहून वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक प्राध्यापक बाई आल्या. त्यांनी सांगितलं की ही जमिनीतून उगवणारी आमरी, म्हणजे ऑर्किड. सपाटीवर ती आता जवळजवळ संपलेली. तिचं बी धुळीसारखं, त्यात स्वतःपुरताही शिधा नसतो. मातीतल्या एका बुरशीशी सोयरीक जुळली तरच ते रुजतं. मग कितीतरी पावसाळे जमिनीखालीच काढतं आणि तेव्हा कुठे पहिलं फूल येतं. दरवर्षी जुना कंद विरून जातो आणि त्याच्या शेजारी नवा धरतो, म्हणजे रोपटं मातीच्या आत हळूहळू सरकत असतं. मी विचारलं, “बाई, समजा उपटून दुसरीकडे लावली तर?” त्या हसल्या. म्हणाल्या, “रोप न्याल. सोयरीक कशी न्याल?”

गावातल्या बायका तिला पाहुणी म्हणतात. मीही तेच म्हणू लागले.

आता हे राखायचं म्हणजे करायचं काय? लोकांना वाटतं, पाणी घालत असतील, खत घालत असतील. छे! फुलांच्या जागेला खत म्हणजे विषच, गवत माजतं आणि फुलं गुदमरतात. आमचं निम्मं काम म्हणजे हात आवरणं. बी पडेपर्यंत विळा लावू द्यायचा नाही, आणि बी पडल्यावर गवत कापायला लावायचंच. गुरं पावसाळ्यात आत येऊ द्यायची नाहीत, दिवाळीनंतर आल्याशिवाय राहू द्यायची नाहीत, कारण गुरांनी चरून जमीन मोकळी केली नाही तर पुढल्या साली फुलाला डोकं काढायला जागा मिळत नाही. बेशरम आणि गाजरगवत उपटायचं, पुन्हा उपटायचं, आणि मरेपर्यंत उपटत राहायचं. बेशरमाचं नाव ज्यानं ठेवलं त्याला माझा नमस्कार.

गिऱ्हाइकंही एकेक. एक फोटोवाला आला होता, जॅकेटला खिसेच खिसे. पाहुणीचा एक फोटो काढण्यासाठी तो पालथा पडला आणि तिच्या चार बहिणी पोटाखाली घेतल्या. मी ओरडले तर म्हणतो, “मॅडम, मी निसर्गप्रेमी आहे.” म्हटलं, “दिसतंय. जरा प्रेम कमी करा आणि उठा.” दुसरा एक जण कुदळ घेऊनच आला. कुठल्याशा वैदूनं त्याला सांगितलं होतं की रमन्यातल्या कंदानं अंगात ताकद येते. त्याला मी दिवसभर बेशरम उपटायला लावलं. संध्याकाळी त्याच्या अंगात जी काही ताकद होती तीही गेली, आणि तो पुन्हा दिसला नाही.

पण माझं खरं भांडण झालं ते कौसाबाईशी. कौसाबाई म्हणजे नदीकाठच्या गावातली, चार एकर कपाशीवाली, तोंडानं फटकळ. नोकरीतला पहिलाच भाद्रपद, हरतालिकेची सकाळ, आणि गावच्या बायका टोपल्या घेऊन रमन्यात उतरलेल्या. आमचं घर बौद्ध. हरतालिका आमच्याकडे नाही, त्यामुळे हे काय चाललंय ते मला कळेना. दिसलं इतकंच की बायका पाहुणीकडे निघाल्या आहेत. मी काठी आडवी धरली. “फुलाला हात लावायचा नाही!”

कौसाबाईनं मला बुटांपासून टोपीपर्यंत न्याहाळलं. “बाई, तू कालची. आमी कईच्या येऊन रायलो. सारं गाव मिळून एक दांडा नेतो. एकच. माया घरी मांडतो, साऱ्या बाया तठीच येऊन पुजतात.”

“एकच?”

“मंग काय गाडी भरून नेतो? पाहुणीले कोणी लुटते का?”

मी काठी खाली घेतली नाही, पण बघत राहिले. खरंच त्यांनी एकच दांडा घेतला, तोही फुलांनी भरलेला नाही, कडेचा एक वाकलेला. त्या दिवसापासून मला बायकांनी ‘गार्डबाई’ नाव दिलं, आणि मी हरतालिकेच्या दिवशी रमन्यात जायचं सोडलं. पूजेला आलेल्या बायांच्या मानेवर पोलिसासारखं कशाला बसायचं?

अशी बरीच वर्षं गेली. पाहुणी कधी कमी, कधी जास्त, पण येत राहिली. आणि मग एका वर्षी आमच्या परिक्षेत्राला नवे अधिकारी आले. त्यांना आम्ही साहेब म्हणत असू, तेच इथे म्हणते.

साहेब वाईट नव्हते, उलट हौशी होते. अकोल्याकडचे, खारपाणपट्ट्यातले. तिथे विहिरीचं पाणी खारं, मातीत मीठ, लावलेलं झाड पोराएवढं होतं आणि जळतं. लहानपणी सावलीसाठी आसुसलेला माणूस वनखात्यात आल्यावर काय करेल? दिसेल तिथे झाड लावेल. त्या वर्षी वरून लागवडीचं मोठं काम आलं होतं. साहेबांनी नकाशावर मोकळ्या जागा शोधल्या आणि सगळ्यांत सुंदर मोकळी जागा त्यांना सापडली ती माझा रमना. गावातल्या तरुणांनाही कल्पना आवडली. कामं निघणार होती.

वैशाखात साहेब जागा बघायला आले. पुन्हा तीच भेगाळलेली जमीन आणि तेच बुडखे. जेसीबीनं खड्डे कुठून कुठवर घ्यायचे ते साहेब हातानं दाखवू लागले.

“साहेब, इथे खड्डे नका घेऊ. ही जागा रिकामी नाही.”

साहेबांनी चहूकडे पाहिलं. “काय आहे इथे?”

हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात. वैशाखात माझ्यापाशी कांकणच नव्हतं. कंद उकरून दाखवावा तर माझ्याच हातानं खून. मी मोबाईलवरचे फोटो दाखवले. साहेब म्हणाले, “गार्डबाई, फोनवर मला स्वित्झर्लंडपण दिसतं.” मी बुरशी सांगितली, सोयरीक सांगितली. साहेबांनी घाम पुसला आणि सरळ म्हणाले, “मला एक सावली दाखवा इथे. उन्हात माणूस उभा राहू शकत नाही अशी जागा राखायची कशासाठी?”

मी त्या दिवशी नोकरीत पहिल्यांदा हात जोडले. म्हटलं, “एक पावसाळा थांबा. भाद्रपदात हरतालिकेला या. तेव्हाही जागा रिकामी दिसली तर जेसीबीला वाट मी दाखवीन.”

साहेबांनी थोडा विचार केला. त्या वर्षीचे खड्डे दुसरीकडे हलवले. जीपमध्ये बसताना म्हणाले, “शब्द दिलाय तुम्ही.”

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! कारण त्या साली पाऊसच धड झाला नाही. पूर्णा काठाला लागली, पण रमन्यावर चढली नाही. गाळ आला नाही. श्रावण संपत आला तशी मी रोज जाऊन वाकून वाकून बघू लागले. गवत होतं, खालची बारीक फुलंही थोडीफार होती. पाहुणीचा एक दांडा नाही. प्राध्यापक बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, “कधीकधी ती वर येतच नाही, जमिनीखाली थांबते.” म्हटलं, “बाई, हे मला पटतं हो, पण साहेबांना काय दाखवू?” मी फार घाबरले होते. माझ्याच शब्दानं मी रमन्याचा गळा कापून ठेवला होता.

हरतालिकेच्या सकाळी साहेबांची जीप बांधावर आली. साहेब उतरले, रमनाभर फिरले आणि परत माझ्यासमोर येऊन उभे राहिले. ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, “गवत आहे.”

“हो साहेब.”

“मग?”

तेवढ्यात बांधावरून बायका उतरल्या, नव्या साड्या, हातात टोपल्या. पुढे कौसाबाई. तिनं एकदा नजर फिरवली आणि सहज म्हणाली, “नाई आली वाटते यंदा पाहुणी.”

जशी एसटी आली नाही म्हणावं, तशी!

“आता काय करता?” मी विचारलं.

“आता काय? माती नेतो.” तिनं पदर खोचला, पाहुणी जिथे दाट येते त्या जागी बसली, आणि बोटांनी वरवरची, अगदी वरवरची मूठभर माती गोळा करून टोपलीत ठेवली. त्या मातीवर हळद-कुंकू वाहिलं. मागच्या बायकांनी हात जोडले. मी इतकी वर्षं या दिवशी इथे आलेच नव्हते, त्यामुळे हे माझ्याही डोळ्यांना नवीन होतं.

साहेब पुढे झाले. “आजी, रिकामी माती पुजता?”

“रिकामी कशी? ते हाये ना यातनी.”

“कशावरून?”

कौसाबाईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या लेकराकडे पाहावं. “माया सासूच्या टायमाले लगातार कईक वर्सं नवती आली. बाया मातीच नेत. दुसऱ्या दिवशी जठची तठी आणून ठेवत, घरी राहू देत नाई. मंग एका साली आली तं अशी आली, का पाय ठेवाले जागा नाई.” मग टोपली कडेवर घेत म्हणाली, “सायेब, निजलेल्या लेकराले कोणी उठवून पायते का, हाये का नाई म्हून?”

कौसाबाई माझ्याकडे वळली आणि तिनं माझ्या तळहातावर चिमूटभर माती ठेवली. मी म्हटलं, “कौसाबाई, आमच्या घरी हे नाही.” ती म्हणाली, “मले माईत हाये. घरी नको नेऊ. तू राखते ना? मंग धर नुसती.”

मी धरली. ती माती कोमट होती. हातात काही नव्हतं आणि सगळं होतं. माझ्या पायांखाली किती कंद अंधारात सरकत असतील, कुठली बुरशी कुणाला घास भरवत असेल, माझ्या आजीच्या आजीच्या आधीपासून हे चाललं असेल, आणि मी त्यावर खात्याचे बूट घालून उभी आहे! मला एकदम कसंतरी झालं. मी बूट काढले. कुणी सांगितलं नव्हतं.

साहेब बांधावर जाऊन बसले. बायका गेल्या तरी बसूनच होते. मग म्हणाले, “गार्डबाई, माझ्या आईनं जन्मभर मातीला शिव्या दिल्या. आमची मातीच तशी. मातीला हात जोडणारी बाई मी आज पाहिली.” जरा वेळानं उठले आणि पँटला लागलेली धूळ न झटकताच म्हणाले, “जागा दुसरी शोधा. पण सावली मला पाहिजे म्हणजे पाहिजे.”

जागा मी शोधली. गावाच्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना कडुनिंब आणि वड लावले. आज त्या सावलीत एसटीची वाट बघणारी माणसं बसतात आणि साहेबांना ओळखत नाहीत. रमन्यातली लागवड रद्द करायच्या प्रस्तावावर साहेबांनी सही केली आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली.

बदलीनंतरच्याच पावसाळ्यात पूर्णा रमन्यावर चढली. गाळ बसला, ऊन पडलं, आणि भाद्रपदात पाहुणी आली ती कौसाबाईच्या सासूच्या गोष्टीतल्यासारखी. बांधावरून पांढरंच दिसत होतं. संध्याकाळी वास सुटला तेव्हा मी एकटीच तिथे होते, आणि मोठमोठ्यानं हसत होते. साहेबांना फोटो पाठवला. उत्तर आलं, “फोटोवर माझा विश्वास नाही. येऊनच पाहीन.”

पण पाहुणीचं आणि साहेबांचं काही जमेना. एका वर्षी ते निघाले तर पुलावरून पाणी, अर्ध्या वाटेतून परत. एका वर्षी पोचले, तर आदल्या दिवशीच्या पावसानं सगळे दांडे झोपवलेले. मग त्यांची निवृत्ती झाली, माझीही झाली. रमना आता दुसरी एक मुलगी राखते. तिलाही लोक विचारतात, अठी राखता काय. ती मला फोन करून तक्रार करते. मी म्हणते, भाद्रपदापर्यंत दम धर.

यंदा साहेब अकोल्याहून एसटीनं आले. हरतालिकेची सकाळ. मी बांधावर वाट बघत होते आणि मनातून मेले होते, कारण यंदाही पूर आला नाही आणि पाहुणीही आली नाही. साहेबांनी लांबूनच माझं तोंड पाहिलं आणि ओळखलं. हसले. बांधावर चपला काढल्या आणि अनवाणी खाली उतरले.

कौसाबाई आता सुनेच्या हाताला धरून येते. तिनं माती गोळा केली, आणि मग तिच्या गावात आजवर झालं नव्हतं ते केलं. “आजवर गड्यामाणसानं हे माती नेली नाई,” ती म्हणाली. “सायेब, तुमी न्या.” साहेबांनी रुमाल पसरला.

ती रात्र त्यांनी चांदूर बाजारला लॉजवर काढली, कारण माती दुसऱ्या दिवशी जागच्या जागी परत करायची असते. सकाळी आले तेव्हा रुमाल दोन्ही हातांत धरलेला. जागा मी दाखवायच्या आधीच बरोबर तिथे जाऊन बसले, माती ओतली आणि तळहातानं हलकेच थोपटू लागले. ज्या माणसाच्या सहीनं पाहुणी वाचली, त्याला ती एकदाही दिसलेली नाही. मी मोठ्यानं म्हटलं, “साहेब, पुढच्या वर्षी नक्की येईल हो!”

आयुष्यभर ऑफिसची शुद्ध मराठी बोललेला तो माणूस थोपटता थोपटता मागे वळला आणि त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोला, गार्डबाई. निजली हाये ते.”